बशी दिसेपर्यंत

मी दिवा बोलतोय. पण माझ्याकडे पाहू नका. हे मी रुसून म्हणत नाही, माझ्या खोक्यावरच तसं लाल अक्षरांत छापलं होतं. माझा उजेड डोळ्यांना बाधतो. बाकीचे दिवे घराच्या मधोमध टांगून घेतात आणि मिरवतात. मी मात्र जन्मभर एका काळ्या नळकांड्यात तोंड लपवून बसलो. तरीही त्या सगळ्या मिरवणाऱ्यांना जमणार नाही असं एक काम मी करून दाखवलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात पाऱ्याचा एवढासा थेंब सोडला, दोन्ही टोकं बंद केली आणि मला वीज देऊन पाहिली. मी निळसर पेटलो. "चालतोय," एवढंच म्हणून तिने मला खोक्यात घातलं. तो निळा रंग म्हणजे नुसता वरचा थाट. माझी खरी ताकद आहे ती अतिनील किरणांत, आणि ते किरण कोणालाच दिसत नाहीत.

माझं काम हिरव्या पाण्याशी. तळ्यातलं पाणी हिरवं होतं ते तरंगणाऱ्या शेवाळाने. त्याचा एकेक कण इतका बारीक, की डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी सापडायचा नाही, पण लाखोंनी जमले की हातभर खोलीवरचं दिसेनासं होतं. मोटार ते पाणी माझ्या नळकांड्यातून फिरवते. माझ्यासमोरून गेलेल्या शेवाळाची वाढ खुंटते, कण एकमेकांना चिकटतात आणि पुढे फिल्टरच्या स्पंजात अडकतात. माशांच्या अंगाला मी कधी लागतसुद्धा नाही.

शोभेच्या माशांच्या दुकानात आठ महिने धूळ खाल्ल्यावर एक दिवस गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक बाई घाईघाईने आत आली. घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची, म्हणून सगळे तिला टेलरबाई म्हणत.

"तळं हिरवं झालंय. औषध नको, मासे आहेत. दुसरं काही आहे का? आणि पंधरा दिवसांत पाणी साफ व्हायलाच पाहिजे."

दुकानदार जाळीने मासे पकडण्यात गुंतला होता. मान न वळवताच त्याने माझ्याकडे बोट केलं.

पंधरा दिवसांची भानगड मला पिशवीतून घरी जातानाच कळली, कारण टेलरबाईला वाटेने स्वतःशी बोलायची सवय होती. घरामागचं तळं तिने स्वतः खणलेलं. रोज दुकान बंद केल्यावर तासभर, अशी दोन वर्षं. दिवसभर सुईच्या टोकाकडे पाहून डोळे शिणले की ती काठावर बसायची आणि नजर माशांमागे सोडून द्यायची. डोळ्यांना तेवढाच आराम. पण दोन उन्हाळे झाले, पाणी हिरवं पडलं होतं आणि मासे फक्त खायला वर आले की दिसायचे, तेही तोंडापुरते.

वरच्या मजल्यावर तिचे धाकटे दीर राहायचे. त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि गाडीला शेड बांधायला त्यांना तळ्याचीच जागा हवी होती. मागची जागा दोन्ही भावांची, त्यामुळे नाही म्हणायचीही पंचाईत. आदल्या रविवारी ते काठावर उभे राहून चहा पीत होते.

"वहिनी, हे तळं आहे की हिरवा रंग कालवलेलं पातेलं?" असं म्हणून त्यांनी हातातली पांढरी बशी पाण्यात सोडली. बशी काठाच्या दगडावर आपटून आत गेली आणि क्षणात दिसेनाशी झाली. "पंधरा दिवसांनी ही बशी इथून दिसली, तर मी शेडचं नाव काढणार नाही. नाही दिसली, तर मातीचा ट्रक बोलावतो."

"कबूल," टेलरबाई म्हणाली. "पण बशी माझी होती, भाऊजी."

मला बसवायचं काम तिच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. माणूस लाख मोलाचा, पण अग्निशमन दलातला. माझ्याबरोबर आलेला सूचनांचा कागद त्याने न वाचताच खिशात घातला.

"आहे ती मोटार काय पाणी फिरवणार? खेळणं आहे ते," तो म्हणाला आणि कुठूनशी भलीथोरली मोटार घेऊन आला. "पाण्याला जोर पाहिजे. आग असो नाहीतर शेवाळ, जोराशिवाय हटत नाही."

मग काय विचारता! पाणी माझ्यासमोरून असं सुसाट जायला लागलं की ओळख व्हायच्या आत पसार. मी जीव तोडून जळत होतो, पण शेवाळाला माझी झळ लागायला थोडा तरी वेळ हवा ना! ते जसं आत येई तसंच ताजंतवानं बाहेर पडे. आठ दिवस गेले. दीर रोज सकाळी काठावर यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, दिवा छान आहे हो. नुसता शोभेला ठेवला तरी चालेल."

मला इतका राग यायचा की हलता आलं असतं तर नळकांडं फोडून बाहेर आलो असतो. नवरा तर आणखी मोठी मोटार आणायच्या गोष्टी करू लागला. टेलरबाईच्या शिलाई मशीनचा आवाज मात्र थांबून थांबून येत होता, त्यावरून तिचं कामात लक्ष नाही हे मला कळायचं.

नवव्या दिवशी सकाळी नवऱ्याला कामावर जायला उशीर झाला होता आणि तो स्वतःच गणवेशाला इस्त्री करत होता. त्यांची खिडकी माझ्या डोक्यावरच होती, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"अहो, इस्त्री आहे की मोटारसायकल?" टेलरबाई करवादली. "सुरकुतीला ऊब तर लागू द्या! इतक्या घाईने फिरवलीत तर कापडाला कळायचं तरी कसं, वरून काय गेलं ते..."

आणि वाक्य अर्धवट सोडून ती दाराकडे वळली.

पुढच्या क्षणी ती धावत माझ्यापाशी आली. गुडघ्यावर बसली आणि मोटारीच्या नळीवरचा व्हॉल्व्ह तिने अर्ध्याहून जास्त फिरवला.

"अगं, बंद काय करतेस?" नवरा खिडकीतून ओरडला.

"बंद नाही. सावकाश करतेय."

पाणी शहाण्यासारखं माझ्यासमोर येऊ लागलं. आता मी कोणाला सोडतोय! रात्रंदिवस मी त्या हिरव्या फौजेला एकेक करून गाठलं. टेलरबाईनेही कंबर कसली होती. रोज सकाळ-संध्याकाळ ती फिल्टरचा स्पंज बादलीत पिळायची आणि त्यातून हिरवा लगदा निघायचा. ती तो लगदा बोटांनी चाचपून बघायची, कापडाचा पोत बघावा तसा.

बाराव्या दिवशी पाणी भुरकट दिसू लागलं. हिरवं नाही, पण स्वच्छही नाही. दीर म्हणाले, "आता तर पाणीच मेलं, वहिनी. ट्रकवाल्याला रविवारचं सांगून ठेवलंय." टेलरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मरगळलेलं शेवाळ गाळात जायच्या आधी पाणी असंच गढूळ करतं, हे मला ठाऊक होतं, पण तिला सांगणार कसं? ती मात्र हातातली सुई टाकून पुन्हा स्पंज पिळायला आली. तेव्हाच मी मनात म्हटलं, ही हरणार नाही.

रविवारी सकाळी आठला फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. सगळे काठावर जमले. मी नळकांड्यात, मला काही दिसेना. जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग टेलरबाईचा आवाज आला. "भाऊजी, बशीच्या काठाचा टवका उडालाय बघा. दगडावर आपटली तेव्हाच उडाला असणार. दिसतोय का?"

दीर खाकरले. "दिसतोय."

"आणि त्याच्या बाजूला?"

"पिल्लं आहेत," दीर म्हणाले, आणि शेडबिड विसरून मोजायला लागले. "सहा... सात... अहो वहिनी, ही झाली कधी?"

ट्रक ड्रायव्हरही खाली उतरून "कुठे, कुठे?" करत होता. त्याला काय सांगायचं, असं दिरांनी विचारलं, तेव्हा टेलरबाई म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं. बशी मात्र आता एक कमी आहे."

सगळे खो खो हसले. त्या हसण्याच्या आवाजात माझ्या निळ्या उजेडाचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. शब्दाला जागून दिरांनी गाडी गल्लीतच ठेवली आणि पुढे माशांना सकाळचं खाणं तेच घालू लागले.

याला आता वर्ष झालं. एवढ्या काळात माझी न दिसणारी ताकद ओसरते, निळा रंग मात्र तसाच राहतो. सगळ्यांची फसगत होते ती इथेच. काल टेलरबाईने मला बदलायला काढलं, तेव्हा नवरा म्हणालाच, "पेटतोय की अजून!"

"पेटतोय, पण काम होत नाही. तुमच्या मोठ्या साहेबांसारखं," ती म्हणाली. सूचनांचा कागद तिने केव्हाच नवऱ्याच्या खिशातून काढून वाचला होता.

आता मी तिच्या शिवणाच्या टेबलावर, मऊ कापडात गुंडाळलेला पडलो आहे. उद्या जुने दिवे गोळा करणाऱ्यांकडे जाईन. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्यालाही कचऱ्यात फेकू नका, पोटात पारा असतो आमच्या. आणि वर्ष झालं की नुसत्या निळ्या थाटाला भुलू नका.

माझं म्हणाल तर मला कसलंही दुःख नाही. काल वीज तोडून नळकांड्यातून काढल्यावर टेलरबाई मला हातात घेऊन काठावर आली आणि जरा वेळ तिथेच बसली. बशी तिने कधी बाहेर काढलीच नव्हती. तळाशी ती पांढरीशुभ्र पडली होती, टवक्यासकट, आणि तिच्यावर एक नारंगी मासा अगदी निवांत थांबला होता. जन्मभर सगळे सांगत आले, याच्याकडे पाहू नका म्हणून. मी मात्र काल डोळे भरून पाहून घेतलं.