बाई, हे लिहू नका

पोटाचे डॉक्टर एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव घेत नसत. रेकॉर्डरवर रिपोर्ट सांगता सांगता मध्येच म्हणायचे, "बाई, हे लिहू नका, पण याला अजून काही माहीत नाही. मी समोर बसवून सांगेन, तोवर रिपोर्ट दाबून ठेवा." बाई म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत हेडफोन लावून रिपोर्ट टाइप करणारी ती. इतकी वर्षं त्यांचा आवाज ऐकला, तोंड एकदाही पाहिलं नाही. पण कागदावर काय जायचं नि पोटात काय ठेवायचं, हे दोघांचं पक्कं ठरलेलं होतं.

मग ते मशीन आलं. डॉक्टर बोलले की आपोआप टाइप, हिने नुसत्या चुका काढायच्या. आणि मेलं सगळंच लिहायचं! ती चरफडत "बाई"पासूनची वाक्यं खोडायची.

आता तर तिच्या साहेबांनी तेही काढून घेतलं. "मशीनला आता त्यांचा आवाज नीट कळतो. तपासायची गरज नाही. रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर जातील."

"अहो, ते मध्येच माझ्याशी बोलतात! ते कोण खोडणार?"

"तुमच्याशी?" साहेबांना हसू आवरेना. "बरं बरं, कळवतो त्यांना."

"मीच सांगते ना. नंबर द्या त्यांचा."

"परस्पर डॉक्टरांना फोन नाही करायचा, माहितीये ना?"

कळवलंत का, कळवलंत का, विचारून तिने साहेबांचं डोकं खाल्लं. दर वेळी तेच, "हो हो, टाकतो मेल." घरी नवऱ्याजवळ कुरकुर केली तर तो म्हणतो, "तुझं काय जातंय? पगार चालू आहे ना?" असा संताप आला की हातातलं पातेलं तिने आपटलंच. शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच वर गेली. डॉक्टरांच्या दारात ही गर्दी! शिपाई म्हणाला, "नंबर लावा." सुट्टी संपली तशी ती पाय आपटत खाली आली. उद्या लवकर येऊन गाठू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पर्स ठेवते न ठेवते तोच खिडकीशी एक मुलगी आली. डोळे सुजलेले. तिने मोबाइल आत सरकवला.

"हे तुमच्याकडून आलंय ना?"

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'बाई, हे लिहू नका. हिच्या हातात आता फार दिवस नाहीत. आधी मुलीला एकटीला बोलावतो, मग आईला कसं सांगायचं ते ठरवू.'

"मोबाइल आईचा आहे," मुलगी म्हणाली. "तिला बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवत होते. एका दमात वाचून गेले हो सगळं."

मागे साहेब फोनवर कुणाशी तरी हसत होते.

"बाई म्हणजे तुम्हीच ना?" मुलीने विचारलं. "लिहू नका सांगितलं होतं ना त्यांनी? मग लिहिलंत कशाला?"