जुम्म्याची दाढी

पंधरा दिवस झाले, वहाबभाईंच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता, तरी माणूस जगत होता. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. आतला जोड भरेपर्यंत तोंडानं काही म्हणजे काहीच नाय. मानेत एक नळी बसवलेली, तिच्यातून दुधासारखं पांढरं औषधी अन्न थेट रक्तात जायचं. लेक इम्रान त्या पिशवीकडं बघत बसायचा. अब्बांचं जेवण तेच अन् चहाही तोच.

औरंगपुऱ्यात बापलेकांचं केस कापायचं दुकान. चाळीस वर्षांत दाढी नीट कोरल्याशिवाय वहाबभाईंनी कधी शटर वर केलं नव्हतं. आणि इथं गळ्यावर नुसतं रान माजलेलं! शुक्रवारी सकाळी ते म्हणाले, "इम्रान, आज जुम्मा हाय रे. बापाला असं भिकाऱ्यावाणी ठेवतो का?"

आता हज्जामाच्या पोराला एवढं म्हटल्यावर तो काय गप बसणार? सिस्टर लोकांची ड्युटी बदलायची गडबड होती. त्यानं पडदा ओढला, नवं ब्लेड घातलं, फेस केला. हात इतका हलका, की नळीला धक्कासुद्धा लागला नाय. फक्त साबणाचं पाणी ओघळलं आणि नळीवरच्या चिकटपट्टीचा कोपरा सुटला. त्यानं टॉवेलनं टिपलं, कोपरा दाबून बसवला. झालं, एवढंच! अब्बांनी मोबाइलमध्ये तोंड पाहिलं आणि लई दिवसांनी हसले.

रविवारी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. अशी, की खाट खडखडायला लागली. ताप एकशेचार. संध्याकाळी डॉक्टर करुणा स्कॅन घेऊन खाटेजवळ आल्या.

"पोटात थोडं पाणी दिसतंय, पण नक्की काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "एक तर आतला जोड सुटलाय, नाहीतर मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेलेत. हे अन्न जंतूंनाही मानवतं. पण नळीची पट्टी गुरुवारीच बदललीय. तिला कुणी हात लावला होता का?"

इम्राननं तोंड उघडायच्या आत वहाबभाईच बोलले. दातावर दात वाजत होते.

"नाय डॉक्टर. कुणीच नाय."

"मग मला पोटाचाच संशय धरावा लागेल. परत उघडावं लागेल, चाचा. खोटं सांगत नाही, तुमच्या अंगात दुसरं ऑपरेशन सोसायची ताकद कमी आहे."

"उघडा," वहाबभाई म्हणाले.

फॉर्म आला. इम्रानच्या हातात पेन आलं. अरे बाबा, बोल की आता! पण अम्मीला काय सांगायचं? सगळा औरंगपुरा म्हणेल, पोरानं वस्तऱ्यानं बापाचा जीव घेतला. त्यानं मान वर केली. अब्बा त्याच्याकडंच बघत होते आणि हळूच मान हलवत होते. बोलू नको. त्यांना सगळं कळलेलं होतं! इम्राननं पेन खाली ठेवलं.

"मी लावला," तो म्हणाला. "शुक्रवारी दाढी केली, डॉक्टर. पट्टी सुटली होती. पाणी गेलं आत."

"आणि हे आता सांगता?" डॉक्टर कडाडल्या. त्यांनी फॉर्म ओढून घेतला. मानेतली नळी लगेच काढली, तिचं टोक तपासायला पाठवलं, हाताला साधं सलाइन आणि अँटिबायोटिक लावलं.

"ऑपरेशन?" इम्राननं विचारलं.

"थांबवलंय, रद्द नाही. ताप नळीचा असेल तर उद्यापर्यंत उतरायला लागेल. नाही उतरला तर पोट उघडायचंच."

त्या गेल्यावर वहाबभाई लेकावर डाफरले. "येडा हाय का तू? मी नाय म्हटलं होतं ना त्यांना?"

"अब्बा, ते पोट फाडायला निघाले होते!"

"फाडू दिलं असतं. गेलो असतो, तर ऑपरेशननं गेला असंच म्हणले असते लोक. तुझं नाव कुणी घेतलं नसतं."

इम्रान खाटेच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडला. सिस्टर ताप बघून गेली. एकशेतीन.