पाच मिनिटांचं काम

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मी आपणहून वापरला. तुम्ही वापरला असता तर मला राग आला असता. माझं नाव शार्दूल. रिसोडच्या बस स्टँडमागे उस्मानमिस्त्रींचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून मी उभी असते. माझ्या सीटवर ऑइलचे रिकामे डबे ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात त्याच सीटच्या आत एक उंदरीण व्याली. कधीमधी कॉलेजची मुलं येतात, ताडपत्री उचलून माझ्यासोबत फोटो काढतात आणि ताडपत्री परत न टाकताच निघून जातात. मग मी आठवडाभर धूळ खात बसते.

पण माझेही दिवस होते. चाळीस वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तो कारखाना आज नाही. माझं अंग निव्वळ लोखंडाचं, टाकी घागरीएवढी, आणि किक अशी कडक की नवख्या माणसाला ती उलट लाथ मारायची. उस्मानभाईंनी मला घेतलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. कामरगावच्या माहेराहून रहमतबींना त्यांनी माझ्यावरूनच रिसोडला आणलं. वाटेत चढ आले, खड्डे आले, एक नालाही ओलांडला, पण मी कुठे अडले नाही. त्या दिवसापासून उस्मानभाईंचं माझ्यावर प्रेम बसलं ते बसलंच.

त्यांनी गॅरेजवर पाटी लावली : 'येथे फक्त शार्दूल दुरुस्त होईल.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जपानी गाड्यांनी पुढे जावे.' लोक हसायचे. पण मेडशीपासून शार्दूलवाले त्यांच्याकडे यायचे, कारण उस्मानभाईंच्या कानाला तोड नव्हती. ते लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि आतलं दुखणं बरोबर सांगत. पुढे पुढे तर पेचकसही लागेना. रस्त्यावरून गाडी गेली की स्टुलावर बसल्या बसल्या ते सांगायचे की हिची चेन ढिली झाली आहे.

आता एक गोष्ट कबूल करते. पहिल्यांदा त्यांनी माझं इंजिन खोललं, तेव्हा आतल्या झाकणावर परक्या देशाची अक्षरं निघाली. माझ्या कारखान्याने नकाशे आणि साचे बाहेरून विकत घेतले होते. म्हणजे जिला ते 'आपल्या मातीची गाडी' म्हणत होते, तिचं पोट परदेशी निघालं. उस्मानभाईंनी इकडेतिकडे पाहिलं, शटर अर्धं ओढलं आणि दुपारभर कानस घासून ती अक्षरं पुसून टाकली. मला गुदगुल्या झाल्या, वाईटही वाटलं. ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

गॅरेजसमोर चहाची टपरी होती आणि टपरीवर दोन बाकडी होती. एक शार्दूलवाल्यांचं, दुसरं जपानीवाल्यांचं. जपानीवाल्यांचे पुढारी होते दौलतसिंग. रिसोडपासून दोन कोसांवरच्या तांड्यात त्यांचं घर. फौजेतून परत आले आणि त्यांनी लाल रंगाची जपानी गाडी घेतली. तिचं इंजिन म्हणे पेटीत बंद होऊन जहाजातून आलं होतं. दिसायला ती माझ्यापुढे काडी पहिलवान. पण एका किकमध्ये सुरू व्हायची, हे मला मान्य करावंच लागतं. आवाज बारीक, टर्रर्र असा. मी आपली भडभड करत धूर काढायचे आणि ती हळूच पुढे निघून जायची. जळफळाट व्हायचा माझा.

उस्मानभाई आणि दौलतसिंग दोघे जिवाभावाचे दोस्त. तरी रोज संध्याकाळी चहा निवेपर्यंत भांडायचे. उस्मानभाई म्हणायचे, तुमची गाडी म्हणजे प्लास्टिकचा डबा. दौलतसिंग म्हणायचे, तुझी गाडी रॉकेलचा स्टोव्ह, आणि माझ्या गाडीला तर मिस्त्रीच लागत नाही. हे शेवटचं वाक्य उस्मानभाईंना फार झोंबायचं. ती गाडी एकदा तरी आपल्या दारात बंद पडावी, अशी त्यांची मनातली इच्छा होती. माझीही तीच होती. दसऱ्याला मात्र दौलतसिंग झेंडूचे दोन हार आणायचे. एक आपल्या लाल गाडीला, म्हणजे लालीला, घालायचे आणि दुसरा, नाक मुरडून का होईना, मला.

मित्रांनो, वाईट इच्छा फार लवकर पूर्ण होतात. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी जपानी गाडी खरोखरच आमच्या दारात बंद पडली. दौलतसिंगांच्या मागे त्यांची मुलगी निता बसली होती, छातीशी कागदांची पिशवी धरून. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला होता आणि वाशीमला कागद दाखवायचा तो शेवटचा दिवस होता. दौलतसिंगांनी सात-आठ किक मारल्या. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. तेवढ्या आवाजावरून उस्मानभाईंना दुखणं कळलं होतं. मलाही कळलं होतं. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला होता. खोलायचं, फुंकायचं, लावायचं. पाच मिनिटांचं काम.

उस्मानभाई स्टुलावरून उठले नाहीत. दोन्ही बाकडी भरलेली होती आणि सगळे बघत होते.

"दौलतभाऊ, हिले मिस्त्री लागत नाही म्हणत होते ना तुमी?" ते हसत म्हणाले.

"आज मजाक नको, उस्मान. पोरीचा अखरीचा दिस हाय."

"मंग एकडाव सगळ्यांसमोर म्हना, शार्दूल बरी. आत्ता करून देतो."

बाकड्यांवर हशा पिकला. मीही मनातल्या मनात हसले, खोटं कशाला सांगू? दौलतसिंगांनी एकदा बाकड्यांकडे पाहिलं, एकदा निताकडे पाहिलं. एकटे असते तर ते म्हणालेही असते. पण चार माणसांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांनी हँडल वळवलं आणि गाडी ढकलत ते बस स्टँडकडे निघाले. निता मागून चालत होती. उस्मानभाईंच्या हातात पेचकस तयार होता. दौलतसिंग कोपऱ्यावरून माघारी येतील असं त्यांनी धरलं होतं. मी टाकी भरून दारातच उभी होते. माझी किल्ली त्यांच्या खिशात होती. ती काढून दौलतसिंगांच्या हातावर ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

वाशीमची बस निघून गेली होती. पुढची दोन तासांनी मिळाली. ते पोहोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती आणि निताची जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. निता नर्स झाली नाही.

ही बातमी आठ दिवसांनी गॅरेजमध्ये आली. उस्मानभाई त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन तांड्याकडे निघाले. तांड्याअलीकडच्या नाल्यापर्यंत गेले, थांबले आणि माघारी वळले. पुढच्या महिन्यात परत निघाले आणि परत तिथूनच वळले. मला बोलता येत असतं तर मी म्हटलं असतं, चला हो, पुढे उतारच आहे. दौलतसिंग पुन्हा टपरीवर आले नाहीत. जपानीवाल्यांचं बाकडं हळूहळू रिकामं झालं आणि भांडायला कुणी नाही म्हणून आमचंही.

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी इतकी वर्षं जोरात पळत होते ती त्या लाल गाडीमुळे. ती टर्रर्र ऐकू आली नाही की संध्याकाळ कशी ओकीबोकी वाटायची. माझ्या जातीच्या शार्दूल गाड्या एकेक करून भंगारात गेल्या, त्यांच्यासाठी मी रडले नाही. पण त्या लालीची आठवण मात्र मला रोज यायची. वैऱ्याची इतकी आठवण येते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नंतरची वर्षं भराभर गेली. माझा कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. उस्मानभाईंचा मुलगा खालिद गॅरेज बघू लागला आणि त्याने पाटी बदलायची ठरवली. मला वाटलं, आता बापलेकांत जुंपणार. पण उस्मानभाईंनीच शिडी धरली. नव्या पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त होतील.' खालिदकडे आता परदेशी गाड्याही येतात, भल्या जाड टायरांच्या. त्यांचे मालकही भांडतात, पण मोबाइलवर, एकमेकांचं तोंड न बघता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका जीपवाल्याने सांगितलं की तांड्यातले दौलतसिंग गेले. उस्मानभाईंनी भरदुपारी शटर ओढलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. रहमतबींनी त्यांना परोपरीने सांगितलं की मातीला तरी जा. "कोन्त्या तोंडानं जाऊ?" एवढंच ते बोलले.

त्यानंतर महिनाभराने दारात एक टेम्पो उभा राहिला. त्यातून दोघा-तिघांनी एक गाडी उतरवली. रंग उडालेला, टायर बसलेले, पण मी तिला लगेच ओळखलं. माझ्या अंगात बॅटरी असती तर मी हॉर्न दिला असता. गाडीमागून निता उतरली. आता तिच्या केसांत चांदी आहे. ती तांड्याच्या पलीकडे अंगणवाडीत काम करते.

"चाचा, मी दौलतसिंगची निता," ती म्हणाली. "हे गाडी चालू करून द्या. मले शिकाची हाय. अंगनवाडीले रोज पायी जातो."

गाडी इतकी वर्षं कुणाला दाखवली नाही का, असं खालिदने विचारलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या लोखंडालाही कळ आली. त्या दिवशी वाशीमहून परतल्यावर दौलतसिंगांनी गाडी ढकलत घरी नेली आणि ओसरीत उभी केली. दर महिन्याला ते प्लगच्या भोकातून थेंबभर तेल सोडून किक मारायचे, म्हणजे इंजिन जाम होत नाही. ही रीत त्यांना उस्मानभाईंनीच शिकवली होती. पण दुरुस्तीला म्हणून दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला त्यांनी हात लावू दिला नाही. वाशीमचे मिस्त्री घरी यायला तयार होते. तरी दौलतसिंग स्वतः शेवटपर्यंत जीपने फिरले.

"म्हनत, हे उस्मानचं काम हाय. तो खोलीन तवा खोलीन," निता म्हणाली.

उस्मानभाईंनी खालिदला बाजूला केलं आणि स्वतः खाली बसले. त्यांनी कार्बोरेटर खोलला, आतली बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सुटायची पितळी तोटी, काढली आणि उजेडाकडे धरली. भोकात वाळूचा एक कण होता. त्यांनी फुंकर मारली. कण उडाला.

निता बघत होती. "एवढंच?"

"एवढंच, बेटा. मले त्याच दिशी आवाजावरून समजलं होतं."

तिने ती जेट हातात घेतली आणि उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाली, "बाबांलेबी मालूम होतं, तुमाले समजलं हाय ते."

उस्मानभाई मान खाली घालून काम करत राहिले. काम करता करताच त्यांनी तिला माझ्या पोटातल्या अक्षरांची गोष्ट सांगितली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "माहीबी गाडी परदेशीच होती. तुह्या बापाले हे सांगाचं राहून गेलं." निता त्यावर हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

टायर, चेन, केबली नव्या आल्या. प्लग आणि पेट्रोलचा पाइप राहिला. बाजारातून नवा आणतो, असं खालिद म्हणाला. उस्मानभाईंनी नको म्हटलं. ते माझ्याकडे आले, ताडपत्री बाजूला केली आणि माझा प्लग आणि पाइप काढून त्या लाल गाडीला बसवला. मित्रांनो, माझ्याजवळ देण्यासारखं एवढंच उरलं होतं. मी ते आनंदाने दिलं.

दुसऱ्या किकला ती सुरू झाली. तोच आवाज. उस्मानभाईंनी निताला मागे बसवलं आणि स्वतः गाडी तांड्याकडे काढली. बस स्टँडच्या वळणापर्यंत मला ती ऐकू येत होती. या वेळी ते नाल्याजवळून माघारी वळले नाहीत.

संध्याकाळी उस्मानभाई जीपने परतले, माझ्याजवळच्या स्टुलावर टेकले आणि रहमतबींना सगळं सांगू लागले. तांड्यात गाडी शिरली तेव्हा दौलतसिंगांच्या पत्नी नानीबाई घरात भाकरी थापत होत्या. बावीस वर्षांनी तो आवाज ऐकून त्या पिठाच्या हातांनी तशाच धावत अंगणात आल्या.

"अन् काय म्हने?" रहमतबींनी विचारलं.

"म्हने, आले का तुमी?" उस्मानभाई म्हणाले. "मंग मले पाह्यलं. आंदर गेली."

त्या रात्री ते जेवले, पण फार थोडं.

मी अजून इथेच आहे. आता माझ्यात प्लगही नाही, त्यामुळे मी सुरू होईन ही आशा मी सोडली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी गाड्या आहेत. तुमची गाडी देशी असो की परदेशी, तिचा अभिमान बाळगा, तिच्यावरून खुशाल भांडा, आम्हा गाड्यांना ते आवडतं. तिला धुवा, पुसा, तेलपाणी वेळेवर करा. पण कुणाची गाडी तुमच्या दारात बंद पडली, तर आधी उठा आणि तिला हात लावा. टाकीवरचं नाव नंतर वाचा.