दोन यंत्रे, एक धार

मी एक जुना प्रेशर वॉशर आहे. नळाचे पाणी पोटात घ्यायचे आणि जोराची धार करून बाहेर सोडायची, हे माझे काम. माझा पिवळा रंग आता उडाला आहे आणि एका चाकाच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे. तरी मित्रांनो, मी चालतो. एके दिवशी मात्र मी भंगारात जाता जाता वाचलो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. मला नाव मिळाले ते सिंगापूरला, सेम्बावांगच्या किनाऱ्यावर, होड्या दुरुस्त करणाऱ्या एका लहान शेडमध्ये. तिथे पांडुरंग नावाचा मराठी इंजिनीयर होता. वीस वर्षे जहाजांवर काढून तो जमिनीवर उतरला होता. मला खोक्यातून काढून तो म्हणाला, "ये रे पिवळ्या." पुढची चार वर्षे कोणतीही होडी वर आली की पहिली हाक मला असे. मग १९९५ साली नवा निळा वॉशर आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या पाइपच्या वेटोळ्यात मांजरीने पिल्ले घातली, तरी कोणाला पत्ता नव्हता.

त्या वर्षी टिओ अंकल नावाच्या नावाड्याची बमबोट शेडमध्ये आली. पुलाउ उबीन बेटावर माणसे नेणारी ती लाकडी होडी. तिच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे जाड थर चढले होते. अमावास्येच्या उधाणात ती वर ओढली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या भरतीला परत पाण्यात जायलाच हवी होती. ती भरती चुकली, तर पौर्णिमेच्या उधाणापर्यंत तिला उचलेल एवढे पाणी येणार नव्हते. तोवर जेटीवरून माणसे नेण्याची अंकलची पाळी दुसऱ्याला जाणार होती. रंग संध्याकाळपर्यंत लागला, तरच तो वेळेवर वाळणार होता.

निळा सकाळपासून एकटा झटत होता. त्याची धार शेवाळ सोडवी, पण पाणी थोडे. सुटलेला गाळ वाहून जाईना, खाली सरकून पुन्हा चिकटे.

"पांडू, कॅन ऑर नॉट?" अंकलने चौथ्यांदा विचारले.

"कॅन, अंकल, कॅन. वेट, लाह." पांडुरंगही आता तिथल्या लोकांसारखा बोलण्याला 'लाह'चे शेपूट जोडी.

पांडुरंगने मला कोपऱ्यातून ओढले. पिल्ले उचलून टोपलीत ठेवली. माझा आणि निळ्याचा पाइप त्याने पितळी जोडाने एकत्र केला. एकाचे पाणी उलटे दुसऱ्यात शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना झडपा बसवल्या आणि पुढे मोठ्या भोकाचे नॉझल लावले. जोर तेवढाच, पण पाणी दुप्पट. मला वाटले, आता दाखवतोच.

बटण दाबले. क्षणभर धार अशी आली की गाळ धुऊन निघाला. मग माझ्या पोटात खडखडाट सुरू झाला. मी थरथरू लागलो, धार तुटू लागली.

"यलो वन फिनिश्ड ऑलरेडी," अंकल म्हणाला. "थ्रो अवे, लाह!"

पांडुरंगने मला बंद केले. मला तहान लागली होती, पण ते सांगायला मला तोंड नव्हते.

तेवढ्यात पांडुरंगची बायको रत्ना आंग मो किओच्या घरून डबा घेऊन आली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "अहो, दोघांना एकाच नळावर लावलंय?"

"हो. का?"

"माहेरी खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की आमच्याकडे करंगळीएवढी धार यायची. हे काय तुमचं जहाज आहे, हवं तेवढं पाणी ओढायला?"

पांडुरंगने कपाळावर हात मारला. "वीस वर्षांत पाणी कमी पडेल असं कधी मनातच आलं नाही गं!"

"तसा इथेही समुद्र आहेच की समोर," रत्ना म्हणाली.

"खारं पाणी जहाजाच्या पंपांना चालतं, या दोघांना ते खाऊन टाकेल."

"मग पिंपं भरा. आधी साठवा, मग उधळा. आणि जेवून घ्या तोवर."

दोन मोठी पिंपे उंच फळीवर चढली. ती भरेपर्यंत पांडुरंगने उभ्यानेच दोन पोळ्या खाल्ल्या. मग माझ्या पोटात पाणी भरभरून आले. खडखडाट थांबला. निळ्याची आणि माझी धार एक झाली आणि तळाचा गाळ लोंढ्याने वाहून गेला. पिंपे रिकामी झाली की आम्ही थांबायचो. ती भरेपर्यंत माणसे शिंपले खरवडायची. तीनपर्यंत तळ स्वच्छ झाला. संध्याकाळपर्यंत रंग लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढले. बमबोट थोडी हलली, मग अलगद तरंगली. टिओ अंकलने टोपी काढून तोंड पुसले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यलो वन नॉट बॅड, आह."

पांडुरंगने माझ्या पोटातले पाणी काढले, तेल बदलले आणि तुटक्या चाकाच्या जागी हा ठोकळा ठोकला.

मित्रांनो, तुमच्या घरचे एखादे यंत्र धापा टाकू लागले, तर फेकण्याआधी त्याला काय कमी पडते आहे ते पाहा. काम झाले की त्याला पुसून ठेवा. पांडुरंग आजही बटण दाबण्याआधी पिंपात डोकावतो. त्याचे डोके पिंपात वाकलेले दिसले, की माझा जीव भांड्यात पडतो.