नासपतीच्या वाटेवरची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. माझी मूठ एका बाजूने निसटली आहे आणि बूड मऊ पडले आहे. सध्या माझा मुक्काम मागच्या दाराबाहेर, नळाशेजारी असतो. माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे, एक झिजलेली घासणी आणि कुणीतरी टाकून दिलेला सुतळीचा गुंडा आहे. मित्रांनो, मला पाहून कुणाला काही विचारावेसे वाटणार नाही. पण एके काळी मी या घराची लाडकी होते. वर्षातल्या एका ऋतूत तर माझ्याशिवाय या घराचे पान हलत नसे.

टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात माझा जन्म झाला. त्याने वेत भिजवून मऊ केला, त्याच्या लांब पट्ट्या काढल्या आणि मला गुडघ्यांत धरून विणले. मूठ त्याच्या बायकोने बांधली. ती पट्टी इतकी आवळून ओढायची की तिच्या बोटांना कायमचे घट्टे पडले होते. मग रस्त्याच्या कडेला इतर टोपल्यांबरोबर मी टांगली गेले आणि एका संध्याकाळी तेलकट कपड्यांतला एक तरुण माझ्यासमोर थांबला. तो बसडेपोत मेकॅनिक होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते.

"बायको फिरायला गेली की रुमालात फळं बांधून आणते," तो म्हाताऱ्याला सांगत होता. "रुमालाचे डाग निघत नाहीत आणि माझी बहीण माझ्या नावानं शंख करते. एखादी मजबूत टोपली द्या, म्हणजे घरात शांतता नांदेल."

अशी मी शांतता नांदवायला या घरात आले. घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत त्या बहिणीचे शिवणयंत्र होते. ती भावापेक्षा बरीच मोठी. लग्न केले नव्हते, शिवणकामावर तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. त्याला ती 'धाकट्या' म्हणायची. नवी नवरी तिला 'वन्सं' म्हणू लागली आणि ती नवरीला 'वहिनी'. मीही त्यांना याच नावांनी ओळखते.

पावसाळा सरला, हवा हलकी झाली आणि सकाळच्या उन्हात ऊब आली, पण चटका उरला नाही, की वहिनीचे पाय घरात ठरत नसत. रविवारी ती मला कोपरावर अडकवून निघायची. धाकटा बरोबर असायचा. वन्सं 'मला काम आहे' म्हणत म्हणत चपला घालायच्या. मागच्या गल्लीतून सुताराच्या दुकानावरून आम्ही कालव्याच्या बांधावर यायचो. बांधावरची झाडे नुकती पिवळी पडू लागलेली असायची, एखाद-दुसरे पान लाल. कालवा संपला की बंद पडलेल्या गिरणीची मोडकी भिंत लागायची आणि त्या भिंतीवरून नासपतीची झाडे बाहेर वाकलेली असायची. खाली पडलेली फळे कुणी नेत नसे. ती माझ्यात यायची. पुढे टेकडीच्या पायथ्याशी अक्रोड मिळायचे.

वहिनी सगळ्यात आधी वास घ्यायची. फळ उचलले की नाकाशी धरायची आणि सांगायची, हे आजच खायचे, हे दोन दिवसांनी, हे नुसते शिजवायचे. पान चुरगाळून हुंगायची, भिजलेली माती हुंगायची. धाकटा म्हणायचा, "हिला आधी नाक दिलं आणि वेळ उरला म्हणून देवानं बाकीची बाई केली."

घरी आले की चूल पेटायची. भोपळा भाजून, कांदा आणि मिरी घालून तिचे दाट सूप व्हायचे. नासपती दालचिनीबरोबर मंद आचेवर ठेवायची आणि साखर कधी घालायची ते ती झाकण न उचलता, वासावरून ओळखायची. खिडकीच्या काचा वाफेने धुरकट व्हायच्या. मी कपाटावर बसून ते सगळे पाहायचे. तिघे टेबलाशी कोपर भिडवून बसायचे. धाकटा दर घासाला काहीतरी बोलायचा, वाटी पुसून खायचा. वन्सं मुकाट्याने जेवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "चालेल."

"ताईचं 'चालेल' म्हणजे सोन्याचं पदक," धाकटा बायकोला समजवायचा. वहिनी हसायची. तिला पदकाची गरज नव्हती. आपण काय केले आहे ते तिला चमचा तोंडात जाताच कळायचे.

मग एका हिवाळ्यात धाकट्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले. घरात दोघीच उरल्या, एकीचा भाऊ गेलेला, दुसरीचा नवरा. त्या एकमेकींशी फारसे बोलत नसत. पुढच्या शरदात हवा हलकी झाली तेव्हा मला वाटले, यंदा मला कुणी खाली काढणार नाही. पण एका रविवारी वन्संनीच स्टूल ओढले, मला काढले, फडक्याने पुसले आणि दारात उभ्या राहिल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "फळं सडतील तिथं."

त्या दिवशी त्या दोघी खऱ्या अर्थाने एका घरातल्या झाल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही ती वाट चाललो. स्वयंपाकघराच्या दारामागे धाकट्याचा कामाचा कोट लटकत असे. त्याला डिझेलचा आणि साबणाचा वास होता. वहिनी कधीकधी त्यात तोंड खुपसून उभी राहायची. वन्संना ते दिसायचे आणि त्या शिवणयंत्र जरा जोरात चालवायच्या.

दुसरे दुःख आले ते एका साध्या तापाबरोबर. ऐन पावसाळ्यात वहिनी आठवडाभर अंथरुणाला खिळली. उठली, बरी झाली, कामाला लागली. एका सकाळी ती दुधाशेजारी उभी राहून कांदा चिरत होती आणि पुढच्या खोलीतून वन्संनी हाक मारली.

"अगं वहिनी, दूध लागलंय."

वहिनीने वळून पाहिले. पातेल्यातून काळा धूर येत होता. तिने गॅस बंद केला, मग धुरावर वाकून एक मोठा श्वास घेतला. तिला खोकला आला, पण वास आला नाही. मग तिने दालचिनीचा डबा उघडला, कॉफीचा उघडला, लसूण ठेचून तळहातावर घेतला. शेवटी ती दाराकडे गेली आणि तिने कोटात तोंड खुपसले. बराच वेळ ती तशीच उभी होती. तोंड बाहेर काढले तेव्हा तिचा चेहरा एखाद्या चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखा झाला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "याला आता कसलाच वास नाही. की मलाच येत नाही?"

वन्सं उठून आल्या. त्यांनी कोट हुंगला. वास तिथेच होता. "तुला येत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले की तापाने असे होते, काहींचे काही महिन्यांत परत येते, काहींचे नाही. रोज वेगवेगळे वास घ्या, एवढाच इलाज. वन्संनी मनावर घेतले. लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि बडीशेप अशा बाटल्या भरल्या आणि रोज सकाळी त्या वहिनीच्या नाकाशी धरू लागल्या. वहिनी डोळे मिटून शहाण्या मुलीसारखी बसायची आणि मान हलवायची. नाही. नाही. नाही.

त्या शरदात आम्ही नेहमीच्या वाटेने गेलो. ऊन तसेच होते, पाने तशीच पिवळी होत होती. वन्सं वाकून ओली पाने उचलत, चुरगाळून वहिनीसमोर धरत. अक्रोडाचे हिरवे टरफल नखाने सोलून दाखवत. वहिनी हुंगायची आणि पाहत राहायची.

"सगळं दिसतंय," ती भिंतीपाशी म्हणाली. "पण दुकानाच्या काचेमागं मांडून ठेवल्यासारखं. आत जाता येत नाही."

स्वयंपाक ती आठवणीने करू लागली. मीठ मोजून, साखर मोजून. कधी जमायचे, बरेचदा नाही. एकदा नासपती तळाला करपली, सूप खारट झाले. वन्संनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "फार छान झालंय."

वहिनीने चमचा खाली ठेवला.

"इतकी वर्षं मी जीव ओतून रांधलं, तेव्हा तुम्ही कधी छान म्हणाला नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा मला माझं कळत होतं, म्हणून चाललं. आता मला काहीच कळत नाही. माझ्या तोंडात नुसता चिखल आहे. आता तुम्ही छान म्हणता, तर मी ते खरं कसं मानू?"

"तेव्हाही छानच असायचं," वन्सं म्हणाल्या.

"मग बोलायचं होतं ना तेव्हा."

कपडा बिघडला तर वन्सं उसवून पुन्हा शिवत, पण हे कुठून उसवावे ते त्यांना कळेना. त्या दिवशी भांडी त्यांनी घासली, आणि ती फार वेळ घासत राहिल्या.

दुसरा शरद आला तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितले होते. वन्संनी सोडली नव्हती. बाटल्या चालूच होत्या. वहिनी थकली होती, वासापेक्षा वन्संच्या चेहऱ्याला जास्त. रोज सकाळी तो चेहरा तिच्यासमोर यायचा, वाट पाहायचा आणि उतरायचा. मित्रांनो, मी तिच्या कोपरावर होते, म्हणून मला जाणवले. मोडक्या भिंतीपाशी वन्संनी पिकलेली नासपती तिच्यापुढे धरली तेव्हा तिचा हात क्षणभर ताठरला आणि मग सैल पडला.

"आला," वहिनी म्हणाली. "थोडासा. गोडसर."

वन्सं तिथेच भिंतीच्या दगडावर बसल्या. त्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसत राहिल्या, काचा कोरड्या होत्या तरी. भाऊ गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. घरी जाताना त्यांनी सुताराला सांगितले, किराणावाल्याला सांगितले, वरच्या मजल्यावरच्या आजींना जिन्यात थांबवून सांगितले. "आमच्या वहिनीचं नाक परत आलं." वहिनी शेजारी उभी राहून हसत होती. त्या संध्याकाळी तिने सूप केले आणि वन्संनी दोनदा वाढून घेतले.

त्या आनंदात मला कुणी कपाटावर ठेवले नाही. मागच्या पायरीवर मी तशीच राहिले, तळाशी चार नासपती विसरलेल्या. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. फळे सडली, त्यांचा काळा रस माझ्या बुडात मुरला, वर बुरशी धरली. पुढच्या रविवारी वहिनीने मला उचलले. तिने आत पाहिले नाही. वन्सं दारात उभ्या होत्या, उत्सुकतेने पाहत होत्या, आणि वास परत आल्याचे त्यांना रोज काहीतरी दाखवावे लागत होते. वहिनीने मला छातीशी धरले, माझ्यात चेहरा घातला आणि दीर्घ श्वास घेतला.

"किती गोड वास आहे अजून," ती म्हणाली.

माझी दुर्गंधी दारापर्यंत पोहोचली होती. वन्संच्या नाकाला ती लागली, त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या पायऱ्या उतरल्या. त्यांनी मला वहिनीच्या हातांतून अलगद काढून घेतले.

"हो," त्या म्हणाल्या. "गोड आहे."

मग त्यांनी मला नळाशी नेले, सडकी फळे उपसली आणि सोडा टाकलेल्या कढत पाण्याने मला घासले. वर्षानुवर्षांच्या नासपती, पाने, अक्रोड, जे काही माझ्या वेतात मुरले होते ते सगळे त्या पाण्याबरोबर वाहून गेले. मान वर केली तेव्हा त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी दिसली. फरशीवर पडलेल्या काळ्या लगद्याकडे ती पाहत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. त्या दिवशी फिरायला जाणे झाले नाही, आणि नंतरही नाही.

वहिनी आता रांधत नाही. वन्संच काहीतरी उकडतात, पावाबरोबर देतात. त्यांचा हात सुईचा, पळीचा नव्हे. वहिनी जेवते, कारण जेवायचे असते. बाटल्या माळ्यावर गेल्या. दारामागचा कोट अजून तिथेच आहे, पण आता त्याच्याशी दोघींपैकी कुणी उभे राहत नाही.

यंदाही पाऊस संपला आहे. हवा हलकी झाली आहे आणि कालव्याकडून सुकलेल्या पानांचा वास येतो, असे वरच्या आजी म्हणतात. वन्सं सकाळपासून खिडक्या लावून बसतात.

"उघड्या ठेवा ना," काल वहिनी म्हणाली. "मला येत नाही म्हणून तुम्ही का कोंडून घेता?"

"गार वारा येतो," वन्सं म्हणाल्या आणि शिवणयंत्राचे चाक फिरवू लागल्या.

मित्रांनो, माझी मूठ बांधून द्या, मला पुन्हा कपाटावर ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे बूड आता फळांचे ओझे पेलणार नाही. तुमच्याकडे मी एवढेच मागते. आज जेवायला बसाल आणि घास चांगला लागेल, तेव्हा जिने किंवा ज्याने तो केला त्याला ते सांगा. त्यांना स्वतःला त्याची चव कळते आहे तोवर सांगा. पुढे तुम्ही कितीही मनापासून सांगितले तरी ते माणूस तुमच्या तोंडाकडे पाहत राहील, आणि तुमच्याजवळ पुरावा म्हणून दाखवायला काहीच नसेल.