रविवारचा स्वेटर

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघराचा एक नियम कुठेच लिहिलेला नव्हता. वॉर्डात कोणी दगावलं, की त्याच्या अंगावरचे कपडे धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून घरच्यांना द्यायचे. धुलाईघराच्या प्रमुख बाईंनी हे काम कधी कोणाला सांगितलं नाही. स्वतःच करत राहिल्या. बघून बघून बाकीचेही करू लागले.

"बाई, गेलेल्याला घडी कशाला?" यंत्रवाल्याने एकदा टोकलं होतं.

"घडी त्याला नाही रे, नेणाऱ्याला," असं म्हणून बाईंनी सुईदोरा त्याच्याच पुढ्यात ठेवला होता.

मंगळवारी सकाळी त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बाई वारल्या. त्यांचा तपकिरी स्वेटर पिशवीतून खाली आला. इस्त्रीवाली आता सगळ्यांत जुनी. तिने तो कोणाला हात लावू दिला नाही. थंड पाण्यात हाताने धुतला, गरम हवेवर वाळवला, कोपराजवळची उसवण शिवली.

"तरी बाईंनी खोट काढलीच असती," डोळे पुसत यंत्रवाला म्हणाला.

"काढू देत ना. यावं आणि काढावी," इस्त्रीवाली म्हणाली.

संध्याकाळी बाईंचे यजमान आले. घड्याळं दुरुस्त करणारे, मितभाषी. त्यांनी घडी मोडली, स्वेटर तोंडाशी धरला आणि खोल श्वास घेतला.

"धुतलात?"

"हो काका. हाताने. पिळलासुद्धा नाही."

"छान धुतलाय." ते स्टुलावर बसले. "सहा दिवस ती साबणाचा वास घेऊनच घरी यायची. रविवारी तेवढा तिचा स्वतःचा असायचा. हा रविवारचा स्वेटर. रविवारीच तर दाखल केलं तिला."

इस्त्रीवालीने साबणाचे हात पदरामागे घेतले.

"ती आधी वर जाऊन विचारायची ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "धुऊ की तसाच देऊ, म्हणून. 'आज एकीने नको म्हटलं,' असं घरी सांगायची."

यंत्रवाल्याने इस्त्रीवालीकडे पाहिलं. बाई जिना चढून जातात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. पांढऱ्या चादरींच्या याद्या आणायला जात असतील, असं वाटायचं.

काका उठले. जाता जाता त्यांनी इस्त्रीवालीच्या डोक्यावर हात ठेवला. "शिवण अगदी तिच्यासारखी झालीय, पोरी."

त्या रात्री ती जेवली नाही.

गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरून एका म्हाताऱ्याचा सदरा आला. यंत्रवाल्याने हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. सदरा तसाच पिशवीत घालून, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढली. बाकावर म्हाताऱ्याची मुलगी एकटीच बसली होती. इस्त्रीवाली तिच्या शेजारी बसली.

"ताई, धुऊ का? की आहे तसाच देऊ?"

मुलीने पिशवी ओढून घेतली आणि छातीशी धरली.

इस्त्रीवाली रिकाम्या हातांनी खाली आली.