चार दारांची कणगी

मी एक जुनी ॲम्बॅसिडर गाडी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. म्हातारी गाडी म्हणजे आठवणी काढून मुसमुसणार, अशी तुमची समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. माझ्या पोटात सध्या बाजरी आहे आणि डोक्यात राग आहे.

ज्यांनी मला बनवलं त्यांनी जाड पत्र्याची बनवली, लांबच्या रस्त्यासाठी. केजच्या जलालुद्दीन मिस्त्रीनं मला घेतलं तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. जलाल अख्ख्या बाजाराच्या गाड्या दुरुस्त करायचा, पण माझ्या अंगाला हात लावायच्या आधी हात धुवायचा. मी नवरदेव नेले, आजारी माणसं नेली, एकदा तर सीटखाली दडलेल्या कोंबडीसकट पाहुणे नेले. डाव्या दाराचं हँडल तुटलं तेव्हा जलालनं तिथं जीपचं हँडल बसवलं. त्याची मुलगी नाजिया माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. बीडच्या दवाखान्याला निघालो होतो, पण नेकनूरच्या अलीकडेच तिनं घाई केली. सीट पार खराब झाली. पण तेव्हा मला राग येत नसे.

मग जलालचा मुलगा तौसीफ मोठा झाला आणि घरात नवी चकचकीत गाडी आली. मला दारातून गल्लीत लावलं, गल्लीतून उकिरड्याशेजारी. पोरांनी दगडानं माझ्यावर नावं कोरली, कुत्री माझ्याखाली व्याली.

"अब्बा, हा डबा हटवा. पाव्हणे हसतेत," तौसीफ एकदा म्हणाला.

"बघू," जलाल म्हणाला. बघितलं कुणीच नाही.

माझं इंजिन एका रसवंतीला गेलं. चाकं आणि धुरा उसाच्या टायरगाडीला गेली. उरलेला सांगाडा भंगारवाल्यामार्फत नांदूरघाटच्या शहादेवनं घेतला आणि ट्रॅक्टरला दोर बांधून मला फरफटत नेलं. जलाल तेव्हा समोरच्या दुकानात कुणाचं तरी कार्बोरेटर साफ करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. फरफटल्याचं मला काही वाटलं नाही हो, त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेचं वाटलं.

शहादेव आणि त्याची बायको मंगल ऊसतोड करतात. दसरा झाला की कारखान्यावर जातात, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. तोवर घरी शहादेवची आई भिवराबाई एकटी असते. घर म्हणजे पत्र्याचं खोपटं, त्यात उंदरांचं राज्य. जाण्याआधी काढलेली बाजरी ठेवायची कुठं? मंगलनं मला बघितलं आणि ठरवलं, हिची कणगी करायची. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी कोठी, बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. मंगलनं माझ्या काचांच्या जागी पत्रे ठोकले, आत कडुलिंबाचा पाला पसरला, बाजरी ओतली आणि मला टपापासून खालपर्यंत शेणमातीनं लिंपून काढलं. माझी नंबरप्लेट तिनं रांजणावर झाकायला घेतली.

नवरदेव मिरवलेल्या अंगाला शेण! मी जळून गेले. पण खोटं कशाला बोलू? मंगल दरसाल जाण्याआधी माझ्या अंगावरून हात फिरवते, कुठं चीर पडली का ते बघते. केजला मी गंजत होते तेव्हा माझी चीर कुणी बघितली नव्हती.

एकदा लिंपलं की मंगल येईपर्यंत मला उघडायचं नाही. मध्येच उघडलं की दमट हवा शिरते आणि दाण्याला कीड लागते. भिवराबाईसुद्धा मला हात लावत नाही, बाजूला काढलेल्या डब्यातलंच खाते. उन्हाळा आणि पुढचं पीक येईपर्यंतचे दिवस, तिघांचं पोट माझ्यावर आहे.

आणि या हिवाळ्यात केजवाल्यांना माझा पुळका आला. नाजियाचा निकाह ठरला होता. ज्या गाडीत जन्मले त्याच गाडीतून सासरी जाईन, असं तिनं म्हटलं आणि दुसरं इंजिन, चाकं बसवून घेऊ असं ठरवून तौसीफ मला हुडकत निघाला. मोबाईलमधला माझा जुना फोटो ज्याला त्याला दाखवत पार सिरसाळ्यापर्यंत जाऊन आला. शहाणा पांढरी गाडी शोधत होता! माझ्या समोरून दोनदा गेला. एकदा तर माझ्याच सावलीला मोटारसायकल लावून भिवराबाईकडे पाणी प्याला.

"मावशी, इकडं कुणी जुनी गाडी आणलती का?"

"गाडी न्हाई बाबा. ही आमची कणगी हाय," भिवराबाई म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी मी कणगीच.

पण रांजणावरच्या झाकणावर फोटोतलाच नंबर होता, हे घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग एक दिवस तो बापाला घेऊन आला, मला न्यायला सोबत टेम्पोही आणला. जलाल वाकला होता, काठी टेकत आला. माझ्याभोवती एक फेरी मारून तो डाव्या दाराशी थांबला आणि शेणाखालून वर आलेल्या जीपच्या हँडलवर त्यानं बोटं ठेवली.

"हीच," तो म्हणाला.

तौसीफनं लगेच टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, काढली. "मावशी, ही आमची गाडी हाय. तुमाला नवी कोठी आणून देतो, तिच्यात बाजरी भरा."

"कवा आणतू?"

"आज न्हाई तर उद्या."

"तवर दाणा उघड्यावर ठिवू? काहून ठिवू? माजी लेकरं तिकडं कारखान्यावर हाडं मोडायलेत. त्यांच्या तोंडचा दाणा हाय ह्यो. माजा न्हाई, तुजा तर न्हाईच न्हाई. ती येऊस्तोवर हात लावायचा न्हाई."

"मावशी, लगीन तवर थांबतंय का?"

"आन् भूक थांबती व्हय रं?"

तौसीफनं तिला हातानं बाजूला सारलं आणि टॉमी दाराच्या फटीत घातली. लिंपणाचा एक पोपडा सुटला, पत्रा वाकला आणि बाजरीची धार मातीत सांडू लागली. तो चमकला. त्याला वाटलं होतं, म्हातारी चार गाडग्यांसाठी भांडते आहे. भिवराबाई खाली बसली आणि तिनं दोन्ही तळवे त्या भोकावर दाबून धरले.

"मिस्त्री," ती जलालला म्हणाली, "पोराला म्हणावं, मला बी उचलून टेम्पोत टाक. ह्यो हात मी काढत न्हाई."

जलालचं तोंड उतरलं. "टॉमी टाक बे, तौसीफ."

"अब्बा, नाजियाला काय सांगू?"

"सांग, अब्बानं गाडी दिली तवाच ती गेली. आता दुसऱ्याच्या घरातनं वढून न्यायची न्हाई."

तौसीफ टॉमी आपटून टेम्पोत जाऊन बसला. जलालनं गोठ्यातून शेणमाती आणली आणि जमेल तसं भोक लिंपलं. भिवराबाईनं ते बघितलं आणि सगळं खरवडून काढलं.

"ह्याला लिंपणं म्हणतेत व्हय? सरका तिकडं," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा लिंपलं. तोवर तो मातीत बसून सांडलेला दाणा वेचत राहिला. फुंकर मारून, माती झाडून त्यानं तो तिच्या पदरात टाकला. तिनं घेतला, पण चहा विचारला नाही.

निघताना त्यानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "चूक झाली बाई माझी," हळूच म्हणाला.

झाली खरी. मी त्याला माफ केलं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. वस्तू टाकायचीच असेल तर ती जाताना मान वर करून बघा, एवढी तरी माया ठेवा. आणि पुढं कधी तिची आठवण आली, तुम्ही तिला हुडकत निघालात, तर दाराला हात लावण्याआधी विचारा की आता तिच्यात कुणाचा घास आहे. मला न्यायचंच असेल, तर माझी मालकीण कारखान्यावर ऊस तोडते आहे. ती आली की तिला विचारा.